परदेशी पाहुणा आणि घरमालकाचे वीजबिल

परक्या देशात राहण्याच्या अधिकाराविषयी कायद्याच्या पुस्तकांत जे लिहिलेले असते ते वाचून कोणाचाही असा समज व्हावा की, माणूस कोणत्या देशाचा हे सांगणारा पासपोर्ट आणि दुसऱ्या देशाने त्याला येऊ देण्याची दिलेली परवानगी म्हणजे व्हिसा, एवढे दोन ऐवज खिशात असले की उरलेले काम हमालाचे. चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवर सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कोवलम या कोळ्यांच्या गावात बिऱ्हाड थाटू पाहणाऱ्या परदेशी माणसांचा व्यवहार जवळून पाहिला, तर मात्र निराळाच सिद्धान्त हाती लागतो. परदेशी माणूस देशात शिरतो तो स्वतःच्या कागदांवर, पण राहतो तो दुसऱ्याच्या कागदांवर. आणि या दुसऱ्याच्या कागदांमध्ये सर्वांत वजनदार कागद म्हणजे घरमालकाचे वीजबिल होय.

कोवलम म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर केरळातले, दीपस्तंभाचे कोवलम उभे राहते, आणि व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचे ठिकाण लिहिणाऱ्या परदेशी प्रवाशाचाही तोच घोटाळा होतो. ती दोन गावे एकमेकांपासून रस्त्याने सातशे किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. प्रस्तुत कोवलमला इंग्रजांनी कोव्हलाँग म्हटले. तेथे जुना दर्गा आहे, जुने चर्च आहे, जुन्या किल्ल्याच्या जागेवर १९७४ पासून एक पंचतारांकित हॉटेल आहे, आणि किनाऱ्याची स्वच्छता व सुरक्षितता पाहून दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह या किनाऱ्याला २०२१ साली मिळाले आहे. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याचा जो खेळ सर्फिंग या नावाने ओळखला जातो, तो येथे कोळ्यांचीच मुले शिकवतात. याशिवाय एका रस्त्याने केळंबाक्कमला जोडलेल्या या गावापासून सिरुसेरीची माहिती तंत्रज्ञान वसाहत फारशी लांब नाही, आणि इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९८ पासून मोटारी तयार करणाऱ्या ह्युंदाईच्या कारखान्यामुळे कोरियन कुटुंबे, तर इतर कारखान्यांमुळे जपानी व जर्मन कुटुंबे चेन्नईच्या परिसरात वस्तीला आलेली आहेत. यांतल्या ज्यांना शहरातल्या घामट फ्लॅटपेक्षा समुद्राचा वारा प्रिय वाटतो, ती माणसे ईस्ट कोस्ट रोडच्या दुतर्फा घर शोधू लागतात आणि तेथून प्रस्तुत विषयाला सुरुवात होते.

नियम मुळात साधा आहे. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर राहायला आलेल्या परदेशी नागरिकाने, मग तो नोकरीसाठी आलेला असो, शिक्षणासाठी वा संशोधनासाठी, देशात पाऊल ठेवल्यापासून चौदा दिवसांच्या आत आपली नोंदणी करून राहण्याचा परवाना घ्यायचा असतो. ही नोंदणी करणाऱ्या कार्यालयाचे नाव फॉरेनर्स रीजनल रजिस्ट्रेशन ऑफिस असे असून ते उच्चारेपर्यंत चौदातला एखादा दिवस जाईल या भीतीने सर्वजण त्याला एफआरआरओ म्हणतात. चेन्नईत हे कार्यालय नुंगंबाक्कम भागात, हॅडोज रोडवरील शास्त्री भवनाच्या आवारात आहे. या विषयाचा कायदा दीर्घकाळ तुकड्यातुकड्यांत विभागलेला होता. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० अशा चार वेगवेगळ्या सालांचे चार कायदे त्यासाठी चालवावे लागत, त्यांतला १९३९ चा तर महायुद्धाच्या तोंडावर प्रत्येक परक्या माणसाकडे हेर म्हणून पाहण्याच्या काळात जन्मलेला; ते सारे रद्द करून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट हा एकच कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ या लोकमान्य नियमाशी एकशे ऐंशी दिवसांची ही मर्यादा तंतोतंत जुळते, हा योगायोग मानायचा की मसुदा करणाऱ्याचा प्रांजळपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नोंदणीची रीत २०१८ पासून ऑनलाइन झाली आहे आणि एरवी कार्यालयात प्रत्यक्ष जाण्याची गरज उरलेली नाही. ही सुधारणा खरीच मोठी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पूर्वी पहाटे रांग लावून टोकन मिळवावे लागे, आता तीच रांग घरी बसून संगणकाच्या पडद्यावर लावता येते. पडदा मात्र फोटोचे आकारमान ठराविक मापातच मागतो, कागदपत्रे ठराविक वजनाच्या पीडीएफमध्येच घेतो, आणि पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार व मालकाचे हमीपत्र ही सामान्य सामग्री गोळा करून झाल्यावर दोन गोष्टी मागतो ज्या अर्जदाराच्या हातात नसतात. त्यांतली पहिली म्हणजे सी फॉर्म आणि दुसरी म्हणजे राहत्या पत्त्याचा पुरावा.

सी फॉर्म हा परदेशी पाहुणा आपल्या छपराखाली उतरला असल्याची वर्दी देणारा फॉर्म असून तो पाहुण्याने नव्हे, तर ज्याचे छप्पर आहे त्याने चोवीस तासांच्या आत भरायचा असतो. हॉटेलाच्या काउंटरवरचा माणूस हे काम झोपेतही करू शकतो, कारण त्याच्याकडे त्यासाठीचे खाते उघडलेले असते. परंतु नियम हॉटेलपुरता नाही. धर्मशाळा, वसतिगृह, रुग्णालय आणि कोणाचेही खासगी घर या सर्वांना तो सारखाच लागू आहे. कोवलममध्ये घरावर एक मजला चढवून तो सर्फिंग करणाऱ्यांना भाड्याने देणाऱ्या गृहस्थाला प्रथम संकेतस्थळावर आपली नोंद करावी लागते, घराचा तपशील द्यावा लागतो आणि मगच पाहुण्याचे नाव, पासपोर्टचा क्रमांक, व्हिसाचा क्रमांक, तो कोठून आला व कोठे जाणार आहे हे सारे लिहावे लागते. असा गृहस्थ पेशाने कोळी असेल, तर मध्यरात्रीनंतर तो बोट लोटून समुद्रात गेलेला असतो, आणि संगणक ज्या ओटीपीची, म्हणजे एकदाच वापरायच्या परवलीच्या आकड्याची, वाट पाहत असतो तो त्याच्या लुंगीच्या कनवटीला खोचलेल्या फोनकडे निघालेला असतो. किनाऱ्यापासून काही मैलांवर परवलीचे आकडे पोहोचत नाहीत. एक उपाय म्हणून परदेशी पाहुण्याने मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे १५ एप्रिल ते १४ जून या एकसष्ट दिवसांत, आगमन करावे असे सुचवता आले असते. पण ही बंदी मोठ्या यांत्रिक बोटींना असते, कोवलमच्या छोट्या फायबर बोटींना नसते, त्यामुळे घरमालक त्याही काळात समुद्रातच सापडतो.

पत्त्याच्या पुराव्याची कथा याहून गहन आहे. तमिळनाडूत वीजमंडळाची नावे व रचना कितीही वेळा बदलल्या तरी लोक त्याला ‘ईबी’च म्हणतात आणि दर दोन महिन्यांनी येणारे ईबीचे बिल हा तेथील गृहजीवनाचा मूलभूत दस्तऐवज समजला जातो. पहिली शंभर युनिटे घरगुती ग्राहकाला माफ असल्यामुळे जोडणी नव्या नावावर करून घेण्याच्या भानगडीत कोणी सहसा पडत नाही. चालत्या गाडीला खीळ कोण घालणार? परिणामी जोडणी ज्या पूर्वजाने घेतली त्याच्याच नावाने बिल येत राहते. घरमालकाचे आजोबा कैलासवासी होऊन वीस वर्षे झालेली असतात, दिवाणखान्यात त्यांच्या तसबिरीला चंदनी हार घातलेला असतो आणि तसबिरीवरच्या छोट्या लाल दिव्याची वीजही त्यांच्याच नावावर जळत असते. मुलगा-सुनेला, नातवंडांना, रेशनच्या दुकानदाराला, अगदी मीटर वाचायला येणाऱ्या माणसालासुद्धा यात काही वावगे वाटत नाही. पहिला आक्षेप निघतो तो ज्या दिवशी एखादा दक्षिण कोरियाचा अभियंता या घरात भाडेकरू म्हणून येतो त्या दिवशी. कारण भाडेकरारावर नातवाचे नाव, वीजबिलावर आजोबांचे नाव आणि त्या दोघांचे नाते सिद्ध करण्याची जबाबदारी सेऊलहून आलेल्या अभियंत्यावर. तमिळ माणसाला बहुधा आडनाव नसते, स्वतःच्या नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर तेवढे असते, त्यामुळे एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या तीन नावांत सामाईक असे एकही अक्षर सापडेलच याची खात्री देता येत नाही. मग वारसाचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि नोटरीने शिक्का मारलेले प्रतिज्ञापत्र जोडून दिवंगत गृहस्थांनी आपल्या घरात एका कोरियन माणसाला राहू देण्यास हरकत घेतलेली नाही, असे सुचवणारी फाइल तयार होते.

भाडेकराराचा हिशेब मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण अकरा महिन्यांचे गणित महाराष्ट्रातही पाठ आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे असल्यामुळे सबंध देशाने एकमताने वर्षातला एक महिना कापून टाकला. तमिळनाडूने पुढे नवा भाडेकायदा करून प्रत्येक करार नोंदवावा असे ठरवले, तरी अकरा हा आकडा सवयीने टिकून आहे. त्याचा परदेशी भाडेकरूवर होणारा परिणाम असा, की व्हिसा बारा महिन्यांचा असतो आणि करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे बाराव्या महिन्यात हा गृहस्थ कायद्याने देशात असतो, पण कागदोपत्री कोणत्याच घरात नसतो.

घर सापडले तरी ते कोठे आहे हे लिहिणे राहतेच. कोवलम हे चेन्नईजवळचे गाव म्हणून ओळखले जात असले तरी ते चेन्नई जिल्ह्यात नाही. पूर्वी ते कांचीपुरम जिल्ह्यात होते आणि २०१९ च्या नोव्हेंबरात चेंगलपट्टू हा स्वतंत्र जिल्हा निघाल्यावर त्यात गेले. घरमालकाचे जुने दस्त कांचीपुरम म्हणतात, नवे चेंगलपट्टू म्हणतात, टपाल मात्र तीच पूर्वीची वाट धरून येते. खुद्द चेन्नई शहरात राहणाऱ्यांची अडचण वेगळी असून तेथे घरांना नवे क्रमांक देताना जुने काढून टाकण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही, म्हणून एकेका दारावर ‘जुना क्रमांक’ आणि ‘नवा क्रमांक’ असे दोन आकडे नांदत असतात आणि पत्ता लिहिताना दोन्ही लिहावे लागतात. पत्त्याचा रकाना इतक्या अक्षरांसाठी केलेला नसतो. जर्मनीतून आलेल्या माणसाला एका घराला दोन क्रमांक असणे म्हणजे फसवणुकीचा पुरावा वाटतो, तर चेन्नईकराला एकच क्रमांक असलेले घर संशयास्पद वाटते.

व्हिसाच्या मूळ अर्जातही परदेशी माणसाला बुचकळ्यात टाकणारे रकाने आहेत आणि त्यांतला सर्वांत प्रेक्षणीय रकाना शरीरावरील ओळखीच्या खुणेचा होय. शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून ज्यांचा या रकान्याशी परिचय आहे त्या भारतीयांना ‘डाव्या गालावर तीळ’ हे उत्तर विचार न करता देता येते. ज्याला आयुष्यात कोणी हा प्रश्न विचारलेला नाही असा पन्नाशीचा डच माणूस मात्र स्नानगृहातल्या आरशापुढे अर्धा तास उभा राहतो, मान वाकडी करून कानामागे पाहतो, बायकोला बोलावून पाठ दाखवतो, आणि आपल्या शरीराला सांगण्यासारखी एकही खूण नसल्याचे दुःख प्रथमच अनुभवतो. त्याच अर्जात वडिलांचे नाव व जन्मस्थळ, आईचे नाव व जन्मस्थळ, गेल्या दहा वर्षांत पाहिलेले देश आणि आजी-आजोबांपैकी कोणी पाकिस्तानचे होते काय, असेही विचारलेले असते. ज्याचे आजोबा रॉटरडॅमबाहेर कधी पडले नाहीत त्यालाही उत्तर द्यावेच लागते.

या छळात एका वर्गाला मात्र शासनाने मनापासून सवलत दिली आहे. नोकरीच्या व्हिसासाठी किमान वार्षिक पगाराची अट असून बराच काळ ती २५,००० अमेरिकी डॉलरची होती, म्हणजे देशात मिळू शकेल असे मनुष्यबळ स्वस्तात बाहेरून आणू नये असा तिचा हेतू. परंतु आपापल्या देशाच्या पद्धतीचे जेवण रांधणारे परदेशी आचारी आणि इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकवणारे शिक्षक यांना ही अट लागू नव्हती. अस्सल किमची घालणाऱ्या किंवा सुशी वळणाऱ्या हाताला पगाराचे माप लावू नये, हे गृहमंत्रालयाला समजले ही समाधानाची गोष्ट आहे. इंग्रजीच्या शिक्षकाला वगळण्यातही शहाणपण आहे, कारण चेन्नईत इंग्रजी शिकवणारा माणूस बाहेरून आणणे म्हणजे उलटी गंगा वाहवणे होय.

कागदांच्या या खेळाला आजच्या नोकरशाहीने जन्म दिला असे मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही, कारण खुद्द कोवलममध्ये तो तीनशे वर्षांपूर्वी अधिक बेरकीपणाने खेळला गेला होता. इंग्रज व डच कंपन्यांना पूर्वेकडच्या व्यापाराचा मक्ता मिळालेला असल्यामुळे त्या देशांतल्या इतर व्यापाऱ्यांना भारतात जहाज पाठवण्याची सोय उरली नव्हती. त्यावर तोड अशी निघाली की, आजच्या बेल्जियममधील ओस्टेंड हे बंदर त्या काळी व्हिएन्नाच्या सम्राटाच्या, सहाव्या चार्ल्सच्या, अमलाखाली होते आणि सम्राटाला आरमार नसले तरी परवाने देण्याचा अधिकार होता. तेव्हा भांडवल इंग्रजांचे, डचांचे किंवा आणखी कोणाचे, खलाशी मिळतील तेथले, आणि परवाना तेवढा सम्राटाचा, अशी जहाजे निघू लागली. १७१९ मध्ये या मंडळींनी कोवलमला वखार घातली आणि ती घालणारा म्होरक्या जन्माने फ्रेंच होता. पुढे डिसेंबर १७२२ मध्ये सम्राटाने ओस्टेंड कंपनीला रीतसर सनद दिली. लंडनने आपल्या प्रजाजनांना परक्या कंपन्यांची चाकरी करण्यास मनाई करणारे कायदे केले, तरी बंगालमधील बांकीबाजारच्या ओस्टेंड वखारीचा कारभार एका ब्रिटिश माणसाच्याच हाती होता. म्हणजे कोवलमचे हे युरोपीय रहिवासी राष्ट्रीयत्वाने एक, मालकाने दुसरे आणि झेंड्याने तिसरे असे होते. आजच्या एफआरआरओच्या खिडकीत त्यांची फाइल गेली असती तर ती त्रुटी दाखवून परत आली असती. शेवटी त्यांना लाटेने किंवा तोफेने बुडवले नाही, कागदानेच बुडवले. आपल्या मुलीचा, मारिया तेरेझाचा, वारसाहक्क इतर राजांनी मान्य करावा म्हणून सम्राटाने १७२७ मध्ये कंपनी तहकूब केली आणि १७३१ च्या तहाने ती मोडीत काढली. एका वारसाच्या दाखल्यापायी कोवलमचे परदेशी रहिवासी निराधार झाले, ही घटना आजोबांच्या वीजबिलात अडकलेल्या भाडेकरूंना जवळची वाटावी. त्यानंतर कोवलमचा किल्ला फ्रेंचांकडे गेला आणि १७५२ मध्ये क्लाइव्हने तो घेतला.

मराठी माणसाने या प्रकाराकडे तुच्छतेने पाहू नये. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक, म्हणजे ये-जा करण्याचा परवाना, घेतलेच पाहिजे असा आग्रह कान्होजी आंग्रे ओस्टेंडवाल्यांच्याच सुमारास धरत होते आणि इंग्रजांची त्यावरची तक्रार आजच्या कोणत्याही परदेशी अर्जदाराच्या तक्रारीहून निराळी नव्हती. उलट, सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागे तंजावरला गेलेली मराठी मंडळी तमिळ देशात परवान्यासाठी अडली नाही; ती दफ्तर घेऊनच गेली. मोडी लिपीतले त्यांचे रुमाल तंजावरच्या सरस्वती महालात अजून आहेत. आपले कागद आपणच लिहिणारा परदेशी तेवढा सुखी असतो.

कोवलमच्या एका परदेशी रहिवाशाचा पत्ता मात्र कोणत्याही खात्याला नाकारता येणार नाही. जॉन डी माँटी या मद्रासच्या पोर्तुगीज वंशाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी येथील चर्च बांधले आणि १८२१ मध्ये निधन झाल्यावर त्याला तेथेच पुरण्यात आले. त्याच्या राहण्याचा पुरावा दगडात कोरलेला असून त्याचे नूतनीकरण करावे लागत नाही.

चेन्नईचे वैशिष्ट्य असे की, परदेशी माणसे ज्या शास्त्री भवनाच्या नावाने घाबरी होतात तेथून दोनेक किलोमीटरवर, अण्णा सालैवरील जेमिनी चौकात, अमेरिकेची वकिलात आहे आणि तिच्या दारात भारतीय माणसे तितकीच घाबरी होऊन उभी असतात. दोन्ही ठिकाणी छातीशी धरलेली प्लास्टिकची फाइल एकाच जातीची असते. आडनाव नसलेल्या तमिळ माणसाचे पासपोर्टावरचे एकुलते एक नाव अमेरिकी यंत्रणा आडनावाच्या जागी लिहिते आणि मूळ नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, अशी अक्षरे छापते. मग अमेरिकेतल्या बँकेपासून दंतवैद्यापर्यंत सर्वजण त्या सद्गृहस्थाला मिस्टर एफएनयू अशी हाक मारतात. भारतीय अर्जदारांची एक बाजू मात्र भक्कम आहे. त्यांच्यासाठी विमानतळाजवळच्या पळवंतांगल भागात व्हिसा गणपतीचे मंदिर आहे आणि हैदराबादजवळ चिलकूरला व्हिसा बालाजी आहे, जेथे मागणे मागताना अकरा आणि ते पुरे झाल्यावर एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या असतात. भारतात राहण्याचा परवाना मागणाऱ्या परदेशी माणसाला असे एकही दैवत उपलब्ध नाही. तो थेट खात्यालाच शरण जातो.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना यातले काहीच नवे वाटणार नाही. न्यू जर्सीत वाहन चालवण्याचा परवाना काढताना ओळखीचे सहा गुण भरावे लागतात, म्हणजे पासपोर्टाला इतके, बँकेच्या कार्डाला इतके, अशी बेरीज करत सहापर्यंत पोहोचायचे असते. बारावीला गुणवत्ता यादीत आलेली मुले तेथे पाचावर अडकलेली पाहायला मिळतात. बर्लिनमध्ये नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते, जे २०१५ पासून सक्तीचे आहे. जपानमध्येही नव्या पत्त्याची वर्दी चौदा दिवसांतच द्यायची असते. जर्मनी, जपान आणि भारत या तीन देशांचे एरवी एकाही प्रश्नावर झटकन एकमत होत नाही, पण पाहुण्याला चौदा दिवस द्यावेत आणि पंधराव्या दिवशी चौदावे रत्न दाखवावे, याविषयी त्यांच्यात पूर्ण एकवाक्यता आहे.

दैनंदिन व्यवहारांची साखळीही सर्वत्र सारखीच वळसे घेते. नोंदणीच्या अर्जाला मोबाइल क्रमांक लागतो, मोबाइलचे सिम घ्यायला पत्ता लागतो आणि ते व्हिसाच्या मुदतीशी बांधलेले असते, पत्त्याला भाडेकरार लागतो, घरमालकाला भाडे बँकेतून हवे असते, आणि बँक खाते उघडण्यापूर्वी राहण्याचा परवाना पाहू इच्छिते. कोवलमच्या किनाऱ्यावर शहाळे विकणाऱ्या बाईच्या गाडीला क्यूआर कोडचा फलक लटकलेला असतो, आणि बहुराष्ट्रीय कंपनीचा सरव्यवस्थापक, ज्याच्या सहीने कोट्यवधींची देणी चुकती होतात, तिच्यापुढे पाचशेची नोट धरून सुट्ट्यांची याचना करत उभा असतो. जी-२० परिषदेच्या निमित्ताने २०२३ मध्ये परदेशी प्रवाशांसाठी यूपीआयची खास सोय सुरू करण्यात आली, हे त्या दोघांनाही कोणी सांगितलेले नसते. शेवटी शहाळेवाली ‘उद्या द्या’ असे खुणेने सांगते आणि कोणतेही ओळखपत्र न मागता उधारी लिहून ठेवते. परदेशी माणसाला या देशात मिळालेला हा पहिला बिनशर्त परवाना असतो.

या सर्व प्रपंचात अर्जदारावर जेवढा बोजा पडतो त्याच्या निम्माही पडण्याचे कारण नाही, कारण अडचणीचे मूळ बहुतेक वेळा शास्त्री भवनात नसून घरमालकाच्या कपाटात असते. सरकारी संकेतस्थळाने मागितलेली माहिती पाहुणा देऊ शकतो. यजमानाने वीस वर्षे न केलेले काम तो चौदा दिवसांत करू शकत नाही. म्हणून पुण्यात औंध-बाणेरला परदेशी विद्यार्थ्याला खोली देऊ पाहणाऱ्यांनी, तसेच अमेरिकेचा पासपोर्ट असलेला पुतण्या ज्यांच्या सांगलीच्या वाड्यात गणपतीला मुक्कामाला येतो अशा काकांनीही, दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुतण्या कितीही सख्खा असला आणि मोदक कितीही आवडीने खात असला, तरी सी फॉर्म चोवीस तासांतच भरायचा असतो. आणि वाड्याचे वीजबिल अजून आजोबांच्या नावाने येत असेल, तर मृत्यूचा दाखला व भावंडांची संमतिपत्रे जोडून नावबदलाचा अर्ज महावितरणकडे या दिवाळीपूर्वी करून टाकावा. तो ऑनलाइनही करता येतो.